शब्दयादीसाठी टर्मिनल शोधताना: प्रकल्प नोंदी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

जुन्या डिस्कने अखेर मान टाकली. नवी बसवली आणि तिच्यावर डेबियन १३ हे लिनक्स चढवलं, ९ तारखेलाच आलेलं. डेस्कटॉप नेहमीचाच, एक्सएफसीई. शब्दयादी गिटमध्ये, म्हणजे फाइलींचे बदल जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होती म्हणून वाचली. बाकी सेटिंग्ज, शॉर्टकट, रंग, सगळं गेलं.

सगळं पुन्हा लावायचंच आहे, तर एक जुनं दुखणं या वेळी मुळापासून काढायचं ठरवलंय: टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायची खिडकी. माझं निम्मं काम काळ्या खिडकीत चालतं. शुद्धलेखन तपासायला लागणारी शब्दयादी करतेय, हनस्पेल या तपासणाऱ्या प्रोग्रॅमला चालेल अशी, एका ओळीत एक शब्द. शोधायला ग्रेप, क्रम लावायला सॉर्ट, दुबार काढायला युनिक आणि लिहायला विम, एवढ्यावर संसार. त्या खिडकीत मराठी कशी दिसते? जशी दिसेल तशी. इतकी वर्षं मोडक्या अक्षरांतून अंदाजाने वाचत आले.

लोक टर्मिनल निवडताना वेग बघतात, रंग बघतात, पारदर्शक खिडकीमागे डोंगराचा फोटो लावतात. माझी परीक्षा बारा शब्दांची. एका फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवले: किंमत, चिकट, महाराष्ट्र, वाङ्मय, सूर्य, दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना, साताऱ्याला, कृत्रिम, उत्स्फूर्त.

दर्या आणि दऱ्या मुद्दाम शेजारी आहेत. समुद्र आणि डोंगर यांत फरक दिसलाच पाहिजे. आचार्य आणि आचारी यांतही. पंगतीला कोण बसणार आणि वाढणार कोण, हा प्रश्न आहे. आणि साताऱ्यात राहून 'साताऱ्याला' नीट दिसत नसेल तर ते टर्मिनल घ्यायचं कशाला?

१९ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसातून आल्यावर तासभर. आधी एक्सएफसीईसोबत आलेलं टर्मिनल. ते आतून व्हीटीई नावाची लायब्ररी वापरते. जीनोमचं टर्मिनल, टिलिक्स, टर्मिनेटर हे सगळे त्याच आईची लेकरं. म्हणजे एकाची परीक्षा घेतली की चौघांची झाली.

निकाल: वेलांट्या, काने, उकार जागेवर. जोडाक्षरं मात्र सगळी फुटलेली. 'महाराष्ट्र' मध्ये ष पाय मोडून उभा, ट पाय मोडून उभा, शेवटी सुटा र. 'सूर्य'चा रफार डोक्यावर चढलाच नाही. वाचता येतं, पण पहिलीतल्या मुलासारखं, एकेक अक्षर लावत.

हे असं का, ते स्वतःसाठी एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे प्रत्येक टर्मिनलवर चिडायला नको.

टर्मिनल म्हणजे गणिताची चौकटीची वही. डेक कंपनीचं व्हीटी१०० हे यंत्र १९७८ मध्ये आलं, ८० रकाने आणि २४ ओळी. आजचे सगळे टर्मिनल त्याचीच नक्कल करतात. ८० हा आकडा त्याहून जुना, आयबीएमच्या छिद्रांच्या कार्डांवरचा. एका खणात एक अक्षर, इंग्रजीला ते बरोबर बसलं. आता 'महाराष्ट्र' घ्या. आपण म्हणतो चार अक्षरं: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या हिशेबात ती १० चिन्हं, साठवायला ३० बाइट. आणि खण किती? सी लायब्ररीतलं डब्ल्यूसीविड्थ नावाचं फंक्शन प्रत्येक चिन्हाला रुंदी देतं: व्यंजनाला एक, काना आणि वेलांटीला प्रत्येकी एक, पण उकार, मात्रा, अनुस्वार आणि पायमोडीला शून्य. बेरीज ८. डोळ्यांना चार अक्षरं, वहीत आठ चौकटी. म्हणजे टर्मिनलने 'ष्ट्र' सुरेख जोडून काढला, तरी बॅश (टाइप केलेल्या आज्ञा वाचणारं शेल) आणि विम त्याला तीनच खण धरणार आणि कर्सर त्याच हिशेबाने पुढे ढकलणार.

सगळा घोळ इथे आहे. अक्षर घडवणारा एक, खण मोजणारा दुसरा, आणि दोघांचं बोलणं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी एक्सटर्म, दुपारी अलॅक्रिटी. एक १९८४ चं, खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो यंत्रणेच्याही आधी सुरू झालेलं; १९९६ पासून थॉमस डिकी ते सांभाळतात. दुसरं २०१७ मध्ये जाहीर झालेलं, रस्ट भाषेतलं, चित्र काढायला ग्राफिक्स कार्ड वापरणारं. दोघांमध्ये तेहतीस वर्षं, आणि मराठीच्या बाबतीत दोघे एका पंक्तीला. अक्षरं जुळवणारं इंजिनच यांच्यात नाही. जे चिन्ह ज्या क्रमाने आलं ते त्या क्रमाने खणात टाकायचं, एवढंच.

पहिल्या वेलांटीची यात सगळ्यात वाईट गत. ती साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसायला हवी आधी. इथे ती व्यंजनानंतरच्या खणात उभी राहते आणि तिचा वरचा बाक पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. त्यामुळे 'चिकट' चक्क 'चकिट' वाचलं जातं.

अलॅक्रिटीचा वेग मात्र खरा आहे. अख्खी यादी कॅट या आज्ञेने पडद्यावर ओतली, पापणी लवायच्या आत संपली. पण त्या वेगाने वाचणार कोण? टॅब नाहीत, खिडकी दुभंगत नाही. ती कामं टीमक्स या वेगळ्या प्रोग्रॅमने करा असं त्यांचं म्हणणं. सेटिंग्जची फाइल पूर्वी यॅमल नावाच्या पद्धतीत लिहायची, आता टॉमलमध्ये. माझी जुनी फाइल डिस्कबरोबर गेली, म्हणून दुःख अर्धंच झालं.

२४ ऑगस्ट, रविवार

आज एक टर्मिनल बघितलं, नाव घेत नाही, बाकी गुणी आहे. बाराच्या बारा शब्द पुस्तकात छापल्यासारखे. रफार डोक्यावर, 'वाङ्मय' अगदी देखणं. मी खूश होऊन लगेच कामाला लागले आणि तिथेच फसले.

शब्द घडवताना ते जोडाक्षर आवळून घेतं, पण खण तेवढेच राहतात. म्हणून शब्द संपतो एका ठिकाणी आणि कर्सर दोन-तीन खण पुढे, मोकळ्या जागेत लुकलुकत असतो. फाइलीचं नाव बदलत होते, दोन्ही नावं मराठी. डाव्या बाणाने मागे गेले, 'आचाऱ्यांना' मधल्या 'ऱ्यां'वर आले असं वाटलं, खोडलं, टाइप केलं, एंटर. प्रत्यक्षात खोडलं गेलं शेजारचं. जे नाव तयार झालं त्या नावाची फाइल आधीच होती. नाव बदलणारी एमव्ही ही आज्ञा विचारत नाही, जुन्या फाइलीवर नवी घालते. कालचे शे-सव्वाशे शब्द गेले. कमिट केले, म्हणजे गिटमध्ये नोंदवले नव्हते, त्यामुळे गिटही कामाचं नाही.

एमव्हीला आता विचारून पुढे जायचा पर्याय कायमचा लावलाय. पण त्याहून मोठं म्हणजे मोजपट्टी बदलली. कालपर्यंत मी अक्षरं कशी दिसतात ते बघत होते. आता पहिला प्रश्न: कर्सर खरं बोलतो का?

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मखराच्या दिव्यांची वायर संगणकाच्या बोर्डातून घेतलीय, मशीन बंद.

३० ऑगस्ट, शनिवार

दिव्यांसाठी वेगळा बोर्ड मिळाला. आजचं टर्मिनल किटी.

हे कोविद गोयल यांचं, ई-पुस्तकांसाठी कॅलिबर वापरणाऱ्यांना नाव माहीत असेल. आत हार्फबझ आहे, म्हणजे अक्षरं जुळवणारं इंजिन. फायरफॉक्स आणि क्रोमही तेच वापरतात. खिडकीत खिडक्या, टॅब, चित्रं दाखवणं, सगळं जय्यत. जोडाक्षरं होतात. पण अक्षर खणाच्या मापात बसवायचं म्हणून कुठे आक्रसतं, कुठे कडेला छाटलं जातं, आणि शिरोरेषा सलग राहत नाही. इंग्रजीतच सगळं काम असतं तर डोळे झाकून हेच घेतलं असतं.

एक गंमत: ऑफिसच्या जुन्या सर्व्हरला एसएसएचने (दुरून दुसऱ्या मशीनवर काम करायची सोय) जोडलं तर त्याने 'एक्सटर्म-किटी' नावाचा टर्मिनल ओळखायलाच नकार दिला. चालू प्रोग्रॅम दाखवणारं टॉप उघडेना, बॅकस्पेस दाबला की खोडण्याऐवजी जागा सुटत गेली. किटी स्वतःचं वेगळं नाव सांगतो आणि त्या नावाची माहिती पलीकडच्या मशीनवर नसते. त्यांचंच किटन एसएसएच वापरलं की ते जाताना माहितीही सोबत नेतं, मग सुरळीत. उपाय सोपा आहे, पण रात्री अकराला फोन आल्यावर आठवला पाहिजे.

वेझटर्मही उघडून बघितलं. लुआ भाषेत सेटिंग्ज लिहिण्यात अर्धा तास कसा गेला कळलं नाही, आणि शब्द बघायचे राहिलेच. फूटबद्दल चांगलं ऐकलंय, पण ते फक्त एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर चालतं आणि माझं एक्सएफसीई अजून एक्सवर. यादीतून कमी.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या, आणि कराडहून आत्या आली. आत्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होती, निवृत्त झाल्यालाही आता बरीच वर्षं झाली. अजून हळदीकुंकवाच्या आमंत्रणातल्या चुका पेनाने दुरुस्त करून परत देते.

संध्याकाळी चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत आली. स्क्रीनवर अलॅक्रिटीत चाचणीची फाइल उघडी राहिली होती.

"कमिंत," तिने वाचलं. "हे काय गं, कमिंत?"

"किंमत आहे ते, आत्या."

"मग वेलांटी मच्या डोक्यावर कशाला? आणि हे चकिट?"

मी तिला चौकटीच्या वहीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे खिळ्यांत मात्रा वेगळी, उकार वेगळा असायचा. जुळाऱ्याला ते सगळं हाताने बसवावं लागायचं, पण बसायचं. नंतर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड घातलेला संगणक आला, काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यावर सुद्धा वेलांटी जागेवर होती. तुमचं हे त्याच्यापुढचं ना?"

याला उत्तर नव्हतं. जिस्टचे नुसते कार्डच नव्हे, टर्मिनलही होते, व्हीटी-मालिकेची नक्कल करणारे, थेट देवनागरी दाखवणारे. फरक इतकाच की तिथे अक्षर जुळवणं यंत्राच्या पोटातच होतं आणि सगळ्यांचा हिशेब एक होता. आज टर्मिनल एकाचं, फॉन्ट दुसऱ्याचा, शेल तिसऱ्याचं.

आत्याला म्हटलं, तुला वाचता येईल असं लावून देते, जायच्या आधी यादीतलं एखादं पान बघ. "पान?" म्हणाली. "अख्खं अक्षर बघते की, दे. पण कमिंत नको."

१ सप्टेंबर, सोमवार

पूजा, जेवणं, सवाष्णी. रात्री अकरानंतर एमएलटर्म.

याचं नाव क्वचितच कोणाच्या तोंडी असतं. जपानमधून आलेलं जुनं काम, नावातच बहुभाषिक. सेटिंग्जमध्ये दोन ओळी घातल्या: ओपनटाइपची (फॉन्टमधल्या नियमांनी होणारी) जुळणी चालू, आणि रकान्याची रुंदी बदलती. दुसरी ओळ म्हणजे चौकटीच्या वहीला सरळ रजा. प्रत्येक अक्षर आपापल्या रुंदीचं, आणि कोणतं चिन्ह पडद्यावर कुठे पडलं याचा हिशेब टर्मिनल स्वतः ठेवतो. म्हणून कर्सर शब्दाला चिकटून राहतो. बाराच्या बारा पास. 'ऱ्य'ची ती रची कोयरी, रेषेसारखी आडवी, नेमकी जागेवर.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एचटॉप (टॉपचाच भाऊ) उघडलं तर उभे रकाने सापासारखे. विमची खिडकी उभी दुभंगली तर मधली रेघ प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी. मेनू दिसायला मागच्या शतकातला. पण वाचायला, नुसतं वाचायला, याच्या जवळपास कोणी नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी विसर्जन. आत्याची बस चारची. त्याआधी तिने चष्मा लावून एमएलटर्ममध्ये 'सा'ची यादी वाचली, बाणाची कळ एका बोटाने दाबत.

वीसएक मिनिटांनी हाक आली. "अगं, सातारा दोनदा घातलायस."

"शक्य नाही, आत्या. सॉर्ट करून दुबार काढलेत."

"मग हे बघ. साताऱ्याचा, साताऱ्यात, साताऱ्याला. आणि लगेच खाली पुन्हा साताऱ्याचा, साताऱ्यात, साताऱ्याला."

खरंच होतं. सहा ओळी, तीन जोड्या, टिंबाचाही फरक नाही. मी ग्रेपने एक शोधला, त्याला एकच ओळ सापडली. दुसरी त्याच्या डोळ्यांसमोर असून दिसत नव्हती.

तीच फाइल एक्सएफसीईच्या टर्मिनलमध्ये उघडली, पहिल्या दिवशीच्या त्या फुटक्या अक्षरांच्या. आणि तिथे फरक ढळढळीत. खालच्या साताऱ्यात रच्या पायाशी टिंब आहे, वरच्यात नाही.

आत्या बसला जाईपर्यंत मी याच विषयावर बोलत होते. स्टँडवर म्हणाली, "बरं झालं, कमिंतवाला सांभाळून ठेव."

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. आज पूर्ण दिवस हाताशी.

'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन रस्त्यांनी लिहिता येतो आणि दोन्ही मान्य आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह, त्याला हलन्त म्हणजे पायमोडी, मग य. इन्स्क्रिप्ट कळपाटावर शिफ्ट आणि जे दाबलं की हाच ऱ येतो. मी असंच टाइप करते. दोन, साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह, मग य. बाहेरून गोळा केलेल्या मजकुरात हे भरपूर आहे. तिसरा चोरवाटेचा मार्गही निघाला: साधा र आणि नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, वेगवेगळे. एनएफसी ही युनिकोडची मजकूर एकसारखा करायची पद्धत, ती लावली की हा तिसरा आपोआप पहिल्यात मिळतो. दुसरा मिळत नाही. युनिकोडच्या लेखी तो वेगळाच मजकूर.

मी सॉर्ट निव्वळ कोडच्या क्रमाने लावते, म्हणून दोन्ही गट लागोपाठ आले आणि आत्याच्या नजरेत भरले. 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या', सगळीकडे हेच. दोनशेच्या वर जोड्या निघाल्या. हे असंच हनस्पेलमध्ये गेलं असतं तर यादीत एकाच रस्त्याने आलेला शब्द दुसऱ्या रस्त्याने बरोबर लिहिणाऱ्यांना लाल रेघ मिळाली असती, आणि त्यांना कळलंही नसतं का.

पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जोडचिन्ह यांच्यापुढे य किंवा ह आला तर तिथे ऱ-हलन्त. सरसकट जोडचिन्हं उडवली नाहीत. तशी उडवली तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि डोंगर पाण्यात.

सुंदर टर्मिनलने चूक दाखवली कारण दोन शब्द सारखे दिसले. कुरूप टर्मिनलने ती समजावली कारण ते वेगळे दिसले. एकट्याने कोणालाच जमलं नसतं. हे इथे लिहून ठेवलं नाही तर सहा महिन्यांनी मी पुन्हा एकच टर्मिनल शोधत बसेन.

९ सप्टेंबर, मंगळवार

छोटीच नोंद. एक्सएफसीईच्या टर्मिनलमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते, पहिल्या दिवसापासून खटकत होतं. फॉन्टमध्ये मराठी वळणं असतात, पण ती कोणी मागितली तरच मिळतात, आणि भाषा कोणती हे टर्मिनल लोकेलवरून, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंगवरून ठरवतं. डेबियनमध्ये मराठी लोकेल तयार करून घेतलं आणि फक्त एलसी-सीटाइप, त्यातला अक्षरांपुरता भाग, मराठीवर ठेवलं. पुन्हा लॉगिन केल्यावर देठाचा श आणि आपला ल. मन शांत.

लँग, म्हणजे सगळ्याच गोष्टींची भाषा, मराठी केलं नाही. एकदा केलं होतं, तेव्हा चुकांचे संदेशही मराठीत यायला लागले. वाचायला छान, पण तो संदेश नेटवर शोधायला गेलं की जगात आपण एकटेच.

१४ सप्टेंबर, रविवार

लावून टाकलं.

रोजच्या कामाला एक्सएफसीईचं टर्मिनल. फिरून फिरून भोपळे चौकात, मान्य. पण वेलांटी जागेवर, कर्सर खणाला धरून, आणि जोडाक्षर फोडून दाखवतं हा दोष आता माझ्या कामाचा गुण झालाय. कोणत्याही सर्व्हरवर तक्रार नाही. अक्षर १४ चं ठेवलंय, फुटलेली अक्षरं लहान आकारात अंगावर येतात.

वाचायला एमएलटर्म, सुपर आणि एम या कळांवर. ते उघडतं तेच यादीच्या फोल्डरमध्ये, लेस हा फाइल नुसती चाळायचा प्रोग्रॅम लावून. त्यात संपादन करायचं नाही असं ठरवलंय, बघू किती दिवस पाळते.

किटी काढलं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात युनिकोड १५.१ आलं, त्यात देवनागरीचं 'क्ष' सारखं जोडाक्षर हा एकच गट, मध्ये तोडायचा नाही, असा नियम आला. त्याआधी नियमाच्या पुस्तकातच ते दोन तुकडे होते. नवे टर्मिनल अशा गटांच्या हिशेबाकडे सरकतायत. घोस्टी या टर्मिनलने तर २०२७ क्रमांकाची सोय चालू ठेवलीय, ज्यात आतला प्रोग्रॅम विचारू शकतो की बाबा, तू गट मोजतोस की चिन्हं. बॅश आणि विम तेच विचारायला लागतील त्या दिवशी ही सगळी परीक्षा पुन्हा घ्यायची.

आत्याला 'का' पासून 'कौ' पर्यंतची यादी छापून कुरिअर केली. पडद्यावर नको म्हणाली, कागदावर खूण करता येते.

चाचणीच्या फाइलीत तेरावा शब्द घातला: पुन्हा 'साताऱ्याला', या वेळी जोडचिन्हवाला. फाइल कमिट केली.